आंजर्ल्याच्या आगरातला मुक्काम

दापोली तालुक्यातील आंजर्ल्याला किनाऱ्यालगत राहण्याच्या सोयी आता पुष्कळ झाल्या आहेत. परंतु गावात, भर आगरात, एका कुटुंबाने आपल्या राहत्या घरातील काही खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत, आणि समुद्राइतकाच गावही पाहायचा असेल तर हाच मुक्काम मला अधिक मोलाचा वाटतो. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, सारवलेले अंगण, पुढे ओटी आणि मागे नारळी-पोफळी असा घराचा जुना थाट जपलेला आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील असंख्य माड-पोफळी आडव्या केल्या. या आगरातही जुन्या माडांच्या मधून नवी रोपे उभी आहेत, आणि ती फळाला येईपर्यंत पाहुण्यांचे उत्पन्न घराला किती आधाराचे आहे, हे घरमालक काकांबरोबर आगरातून फिरताना उमगते.

जेवण पूर्ण शाकाहारी असून ते या घराचे खरे वैभव आहे. नारळाच्या शेंडीने तेल फिरवलेल्या बिडाच्या तव्यावर काकू वाटीने कडेकडून पातळ पीठ सोडतात, क्षणात जाळी पडते, आणि ते घावन गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर पानात येते. दुपारी कुळथाचे पिठले, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असते. मासे या स्वयंपाकघरात शिजत नाहीत, ही गोष्ट खोली देतानाच सांगितली जाते, हे मला योग्य वाटले.

मासळीचा व्यवहार पाहण्यासाठी मात्र दुपारनंतर हर्णै बंदरावर अवश्य जावे. उथळ पाण्यात थांबलेल्या होड्यांपर्यंत बैलगाड्या जातात, टोपल्या भरून वाळूवर येतात, आणि सुरमई, पापलेट, कोलंबीचे वाटे मांडले की कोळणींच्या घोळक्यात लिलाव सुरू होतो. समोरच्या पाण्यात, १७५५ पर्यंत आंग्र्यांच्या ताब्यात असलेला सुवर्णदुर्ग उभा असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने त्या काळात बंदर सुने असते.

गावाच्या माथ्यावरील कड्यावरच्या गणपतीला वाहनानेही जाता येते. तरीही पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, चढावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण आगरे, खाडी आणि समुद्र टप्प्याटप्प्याने खाली उलगडत जातात. मूर्ती उजव्या सोंडेची असून मंदिराचा जीर्णोद्धार १७६८ ते १७८० या काळात झाला.

दोन उणिवा मात्र नोंदवायला हव्यात. बहुतेक खोल्यांचे न्हाणीघर परसात आहे आणि तिथवरच्या वाटेवर पुरेसा उजेड नाही. दुसरे म्हणजे, उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा जणू रोज हमखास दिसणारच, अशा शब्दांत येथे सांगितला जातो. अंडी फुटायला साधारण दीड-दोन महिने लागतात आणि पिल्ले बाहेर येणे निसर्गावर अवलंबून असते. केवळ त्यासाठी लांबून येणाऱ्यांना हे आधीच स्पष्ट सांगायला हवे. पिल्ले पाहायला मिळाली, तर त्यांच्यावर विजेरीचा झोत टाकू नये.

वयस्क माणसे बरोबर असतील तर ओटीलगतची खोली आधीच मागून घ्यावी. न्हाणीघर जोडलेली ती एकच आहे आणि सुट्टीच्या दिवसांत ती लवकर भरते.