अकरा महिने आणि 96 तास: ट्रायल्स मोटारसायकल घरी सांभाळण्याचा अनुभव

अकरा महिन्यांपूर्वी मी 250 सीसीची, टू-स्ट्रोक इंजिनाची एक वापरलेली ट्रायल्स मोटारसायकल घेतली. क्रँकचे काम सोडल्यास तिची बाकी सगळी देखभाल आणि दुरुस्ती घरीच करायची, असे त्याच दिवशी ठरवले. तेव्हापासून ठेवलेल्या नोंदवहीनुसार गाडी आजवर 96 तास चालली आहे. किलोमीटरऐवजी तास लिहितो, कारण ही गाडी दिवसभरात जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जाते. पण तेवढ्या अंतरात क्लच शेकडो वेळा दाबला जातो आणि खालची ॲल्युमिनिअमची पट्टी अनेकदा दगडावर आपटते. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचे छोटे तास-मीटर ही मी केलेली पहिली खरेदी होती आणि आज विचाराल तर तीच सर्वांत उपयोगी ठरली आहे.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हिचे वजन सत्तर किलोच्या आसपास असते, टाकीत दोन-अडीच लिटर पेट्रोल मावते आणि बसायला सीट नसते, कारण चालवणारा पूर्ण वेळ उभाच असतो. ट्रायल्सच्या स्पर्धेत वेगाला गुण नाहीत. आखलेल्या टप्प्यात पाय एकदा टेकला तर एक दंडगुण आणि टप्पा फसला तर पाच. चालत्या माणसाच्या वेगाने, कित्येकदा त्याहूनही हळू, गाडी दगडांवरून न्यायची असल्यामुळे रस्त्यावरच्या मोटारसायकलीत महिनोन्‌महिने लपून राहणारा दोष इथे पहिल्याच दगडावर बोटांना कळतो. म्हणूनच माझ्या मते या गाडीची देखभाल आणि ती चालवण्याचा सराव यांची फारकत करता येत नाही.

टू-स्ट्रोक निवडण्यामागे घरच्या दुरुस्तीचाच विचार होता. सॅमी मिलर या खेळाडूच्या मदतीने बुल्टाको या स्पॅनिश कंपनीने शेर्पा टी ही टू-स्ट्रोक गाडी तयार केली आणि 1965 मध्ये स्कॉटलंडच्या सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये ती जिंकली. त्यानंतर जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस सरले, असा इतिहास आहे. पुढे मोंटेसा कंपनीच्या 2005 च्या कोटा 4आरटी या गाडीने बॅटरीशिवाय चालणारे इंधन इंजेक्शन आणून फोर-स्ट्रोकला पुन्हा मानाची जागा मिळवून दिली. ती गाडी मी थोडी चालवली आहे आणि मला आवडलीही. पण फोर-स्ट्रोकच्या व्हॉल्व्हची फट मोजण्यापेक्षा चार-पाच नट सोडून सिलिंडरचे हेड उघडणे मला परवडते.

आता क्लचविषयी, कारण माझ्या वहीची जवळजवळ एक तृतीयांश पाने त्याच्यावरच खर्ची पडली आहेत. गाडी आली तेव्हा थंड इंजिनावर क्लच दाबून पहिला गिअर टाकला की ती हातभर पुढे उडी मारत असे. गरम झाल्यावर हा त्रास कमी होई, पण लिव्हर सोडताना क्लच कुठे पकडतो याचा नेम नसे आणि पायरीसारख्या उभ्या दगडापुढे असा नेम नसणे म्हणजे पाय टेकणे ठरलेलेच. या गाड्यांत गिअरबॉक्स आणि क्लच यांचे तेल एकच असते आणि ते अर्ध्या लिटरच्या आसपास मावते. मी आधी रस्त्यावरच्या गाडीच्या सवयीने जाडसर तेल ओतले आणि दुखणे वाढवून घेतले. पातळ तेलाने निम्मा फरक पडला. उरलेला निम्मा प्लेटांमध्ये होता.

क्लचचे झाकण उघडण्यासाठी तेल काढण्याची गरज नाही, हे मला फार उशिरा कळले. पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी जुन्या गादीवर डाव्या कुशीवर निजवली की तेल दुसऱ्या बाजूला जाते आणि उजवीकडचे झाकण कोरडेच उघडते. स्प्रिंगचे बोल्ट एकदम न सोडता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करावेत. प्लेटा ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने मी त्या फडक्यावर मांडत गेलो. घर्षणाच्या प्लेटा उजेडात धरल्या तेव्हा प्रत्येक पॅडच्या कडेला तपकिरी, वाळलेल्या डिंकासारखा थर बाहेर आलेला दिसला. पॅड चिकटवताना वापरलेला गोंद कारखान्यात पुसलाच गेला नव्हता. तेल थंड असताना हा गोंद शेजारच्या पोलादी प्लेटेला धरून ठेवतो आणि गाडी उडी मारते ती त्यामुळेच. बोथट पात्याने तो थर खरवडायला मला दीड तास लागला. पॅडला ओरखडा जाऊ नये म्हणून पाते बाहेरच्या दिशेनेच ओढावे लागते. नंतर प्लेटा पुसून रात्रभर नव्या तेलात बुडवून ठेवल्या. क्लचच्या बास्केटच्या (प्लेटा ज्या भांड्यात बसतात त्याच्या) बोटांवर प्लेटांच्या कानांनी पाडलेल्या खाचा नखाला लागत होत्या, त्या बारीक कानशीने हलकेच सपाट केल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिन बंद ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी पुढे ढकलली तर ती सायकलसारखी सरकली. तेव्हापासून पहिली किक मारण्याआधी मी ही चाचणी रोज करतो, कारण रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या प्लेटा चिकटलेल्या असल्या तरी दोन-तीनदा अशी ढकलल्यावर त्या सुटतात. तेल दर 15 तासांनी बदलतो. एवढ्या लवकर बदलणे काहींना उधळपट्टी वाटेल, पण निघणारे तेल पांढऱ्या वाटीत घेऊन पाहिले की त्यातली करडी झाक सगळे सांगते.

क्लचचा लिव्हर हायड्रॉलिक, म्हणजे वेगळ्या तेलाच्या दाबावर चालणारा असल्यामुळे एक इशारा इथेच देतो. काही यंत्रणांत डॉट 4 ब्रेक ऑइल चालते, तर काहींत खनिज तेलच लागते आणि दोहोंची सीले वेगवेगळ्या रबराची असतात. चुकीचे तेल पडले तर सील फुगते आणि लिव्हर परत येईनासा होतो. लिव्हरजवळच्या तेलाच्या छोट्या टाकीच्या झाकणावर जे कोरलेले असेल त्यावरच विश्वास ठेवावा, आधीच्या मालकाच्या शब्दावर नव्हे.

मागच्या ब्रेकने मला क्लचहून अधिक छळले. पेडल फुसके लागत होते, म्हणून मी नेहमीच्या पद्धतीने वरून तेल ओतत, पेडल दाबत हवा काढायला लागलो आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या. या गाड्यांत मागचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) असा बसवलेला असतो की बुडबुडा बाहेर पडण्याच्या नळीपर्यंत पोचतच नाही. तो वरच्या कोपऱ्यात अडून बसतो. उपाय म्हणजे कॅलिपर सोडवून ती नळी सर्वांत वर येईल असा धरणे, पॅडच्या मध्ये लाकडाची चीप अडकवणे आणि सिरिंजने खालून वर तेल ढकलणे. तिसऱ्या संध्याकाळी हे सारे केले, पेडल कडक झाले आणि दोन दिवसांनी पुन्हा होते तसे झाले.

खरे कारण भलतेच निघाले. पेडलपासून मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला ढकलणाऱ्या दांडीला अजिबात वाव ठेवलेला नव्हता. वाव नसेल तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, टाकीतून तेल आत येण्याचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते, आणि मग कितीही हवा काढली तरी आतले तेल पुरे पडत नाही. उलट गरम झाल्यावर ब्रेक आपोआप धरू लागतो. लॉकनट सैल करून दांडी जेमतेम एक मिलिमीटर आखूड केली आणि प्रश्न मिटला. तीन संध्याकाळींचे काम दोन मिनिटांत झाले याचा आनंद मानावा की राग, हे मला त्या वेळी ठरवता आले नाही.

याच ब्रेकवर दुसरी आपत्ती मात्र मी स्वतः ओढवून घेतली. चेनला तेलाचा फवारा मारताना मागे पुठ्ठा धरायला विसरलो आणि तुषार डिस्कवर गेले. डिस्क पुसता येते, पण पॅडने शोषलेले तेल जात नाही. कानशीने घासले, तापवून पाहिले, दोन दिवस बरे वाटले आणि उतारावर गाडी थांबेना. शेवटी नवे पॅड घातले. आता चेनला तेल देताना चाकाच्या आत पुठ्ठा असतो आणि फवाऱ्याऐवजी ब्रश वापरतो.

एअर फिल्टरबाबत मी कर्मठ झालो आहे. फोमचा फिल्टर प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर काढतो, साफ करण्याच्या द्रवात चेपून धुतो (पिळत नाही, कारण पिळल्याने जोड उसवतो), पूर्ण वाळवतो आणि फिल्टर ऑइल हाताने मुरवून जादाचे दाबून काढतो. बसवताना कडेला ग्रीसचे बोट फिरवतो. मागच्या चाकाचा चिखल थेट या डब्याच्या दिशेने उडत असतो, हे लक्षात घेतले तर एवढा खटाटोप अवाजवी वाटणार नाही. कार्ब्युरेटर अकरा महिन्यांत दोनदा उघडला. दोन्ही वेळा कारण एकच, उभ्या गाडीत राहिलेले जुने पेट्रोल. स्लो जेट, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारे छिद्र, इतका बारीक असतो की त्यात तार घालण्याचा मोह टाळून द्रवाने आणि हवेच्या झोताने साफ करावा. पेट्रोलमध्ये तेल मी पुस्तिकेप्रमाणे लिटरला 15 मिलिलिटर घालतो आणि ते सिरिंजने मोजतो.

मागच्या सस्पेन्शनचे लिंकेज, म्हणजे मागचे चाक आणि शॉक ॲब्सॉर्बर यांना जोडणारे सांधे, ही उपेक्षित जागा आहे. ते जमिनीच्या सर्वांत जवळ असते, पाण्यात बुडते आणि बाहेरून धडधाकट दिसते. माझ्या गाडीचे लिंकेज पहिल्यांदा उघडले तेव्हा नीडल बेअरिंगच्या सुयांवर तांबूस पूड होती आणि ग्रीसचा मागमूस नव्हता. दोन बेअरिंगे बदलली, बाकीची धुऊन ग्रीसने भरली. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक वर-खाली हलवले आणि खट असा आवाज आला तर वाट पाहू नये. प्रेशर वॉशर मी वापरतो, पण बेअरिंग, फोर्कची सीले आणि रेडिएटर यांच्यावर तो रोखत नाही.

टायरच्या हवेबद्दल थोडक्यात: मागे 4 ते 5 पीएसआय, पुढे साधारण 6. नेहमीच्या मीटरचा काटा इतक्या खाली जेमतेम हलतो, त्यामुळे 15 पीएसआयपर्यंतचे वेगळे मीटर हवेच. मागचा टायर ट्यूबलेस असतो आणि रिमवर माती अडकली की रात्रीतून हवा उतरते; साबणाचे पाणी लावल्यावर बुडबुडे कडेला दिसले तर आधी ती कड पुसावी, नवा टायर आणण्याची घाई करू नये.

तक्रारी म्हणाल तर दोन आहेत. ॲल्युमिनिअममधले बारीक बोल्ट आटे गमावण्यात पटाईत असतात. टॉर्क पाना घेण्याआधी मी झाकणाचा एक बोल्ट पिळून बसलो आणि त्या भोकात आट्यांची नवी स्प्रिंग बसवावी लागली. दुसरी तक्रार सोबत आलेल्या पुस्तिकेची: तिच्यात आकडे आहेत, पण काम कोणत्या क्रमाने करायचे ते नाही. हत्यारांची मोठी पेटी मात्र लागत नाही. चांगल्या प्रतीच्या ॲलन की, टी-आकाराचे 8, 10 आणि 13 मिलिमीटरचे पाने, छोटा टॉर्क पाना, दोन सिरिंज आणि गाडी मधोमध उचलून धरणारा स्टँड एवढ्यावर माझे नव्वद टक्के काम झाले.

गेल्या महिन्यात तेल बदलताना वाटीतले तेल चहात दूध पडल्यासारखे दिसले. रेडिएटरची पातळीही बोटभर उतरली होती. पाण्याच्या पंपाचे सील गेले होते आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये झिरपत होते. झाकण काढल्यावर पंपाच्या दांड्यावर सीलच्या ओठाने पाडलेली चर दिसली, त्यामुळे सीलसोबत दांडाही बदलला. नुसते सील बदलले असते तर त्याच चरीतून ते पुन्हा गळले असते. स्वस्त तेल दोनदा भरून, पाच-पाच मिनिटे इंजिन चालवून गिअरबॉक्स धुतला आणि मग नेहमीचे तेल घातले. त्यानंतर गाडी नऊ तास चालली आहे. काल तेल काढण्याचे बूच सैल करून चमचाभर तेल वाटीत घेतले, ते स्वच्छ होते.