तीन थरांची म्हणून मला विकलेली रोमन ढाल

मी इंग्लंडमध्ये डरहॅमला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी रोमन सैनिकांच्या कवायतीची प्रात्यक्षिके करणाऱ्या एका गटात भाग घेतो. स्वतःची स्कूटम, म्हणजे रोमन पायदळाची मोठी बाकदार ढाल असावी म्हणून गेल्या वर्षी मी ३८० पौंड आगाऊ भरले. ‘दुरा-युरोपोसच्या ढालीप्रमाणे तीन थरांची’ असे विक्रेत्याने लेखी कळवले होते आणि त्या एका वाक्यावर मी विसंबलो.

सीरियातील दुरा-युरोपोस या प्राचीन नगरात सापडलेली ती तिसऱ्या शतकातील ढाल आज येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. तिचा गाभा चिनाराच्या जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांचा असून एका थरातील पट्ट्या दुसऱ्या थराला काटकोनात चिकटवलेल्या आहेत, त्यामुळे सारी जाडी पाच-सहा मिलिमीटरच भरते, तरीही लाकूड रेषेतून सहजी चिरत नाही. त्याच्या कितीतरी आधी ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनेही रोमन ढालीचे सरसाने जोडलेल्या दुहेरी फळ्या, वरून लिननचे कापड आणि त्यावर वासराचे कातडे असे वर्णन केले आहे.

माझी ढाल पहिल्याच पावसात खालच्या कडेला भिजलेल्या पावासारखी फुगली. कडेची पितळी पट्टी काढली तेव्हा आत एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, एकच जाड तुकडा निघाला. बाक यावा म्हणून मागून उभ्या खाचा पाडून त्यात लांबी (पुट्टी) भरलेली होती, आणि छायाचित्रात दिसलेले ‘थर’ म्हणजे कडेवर तपकिरी रंगाने ओढलेल्या रेषा होत्या. मधला लोखंडी घुमट नुसता वरून ठोकलेला होता. खऱ्या ढालीत त्यामागे भोक असते आणि भोकावरून आडवी मूठ जाते, म्हणजे सैनिकाची बोटे घुमटात सुरक्षित राहतात. इथे दंडाला बांधायचे दोन पट्टे होते. मागच्या बाजूचे छायाचित्र आधीच मागवले असते तर हे मला तेव्हाच कळले असते.

विक्रेत्याने ही ‘शोभेची वस्तू’ असल्याचे सांगून पैसे परत करण्यास नकार दिला. मी थेट बँकेतून पैसे पाठवले होते. क्रेडिट कार्ड वापरले असते, तर १०० पौंडांवरील खरेदी असल्याने इथल्या कायद्यानुसार कार्ड देणाऱ्या बँकेकडे दाद मागता आली असती. तुम्ही ढाल मागवणार असाल, तर पट्टी बसवण्यापूर्वीची उघडी कड, मागची मूठ आणि वजनकाट्यावरची ढाल अशी तीन छायाचित्रे मिळाल्याखेरीज उरलेली रक्कम देऊ नका. गटात येणाऱ्या नवख्यांना मी माझी उघडी केलेली ढाल देतो आणि त्या खाचांवरून बोट फिरवायला सांगतो.