कमी वाऱ्यासाठी 15 मीटरचा काईट, दोन सीझन वापरल्यावर

मी काईटसर्फिंग करतो, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर बोर्ड चालवतो. माझं वजन 78 किलो आणि जवळ होता फक्त 12 मीटरचा (म्हणजे 12 चौरस मीटरचा) काईट. पावसाळा संपला की तारकर्ली-देवबागला दुपारी खारा वारा सुटतो खरा, पण बरेच दिवस तो 9-10 नॉट्सच्या वर जातच नाही, म्हणजे ताशी 17-18 किलोमीटर, आणि तेवढ्यात 12 वर मला बोर्डवर उभंच राहता येईना. म्हणून सेकंडहँड 15 घेतला, एकाच स्ट्रटचा (स्ट्रट म्हणजे काईटला आकार देणारी हवा भरलेली नळी).

17 चा पण मिळत होता आणि स्वस्तात, मी तो सोडला ते फार बरं केलं. मोठा काईट म्हणजे जास्त ओढ हे खरंय पण तो जडही होतो आणि वळायला वेळ लावतो, आणि कमी वाऱ्यात काईट सतत वर-खाली फिरवत ठेवला तरच ओढ मिळते ना. हा 15 एका स्ट्रटमुळे हलका आहे, मध्येच वारा पडला तरी धपकन खाली येत नाही. बार, म्हणजे काईट चालवायचा हातातला दांडा, मात्र जास्त ओढायचा नाही हां! ओढ वाढेल असं वाटून आपण खेचतो आणि काईट मागे सरकत सरकत पाण्यात बसतो, पहिला महिना माझं हेच चाललेलं. बार थोडा सोडला की तो परत पुढे जातो, ते हाताला कळायला लागलं ना की मग जी मजा येते... पाणी सपाट, बोर्डखाली नुसता सळसळ आवाज, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना दिसते.

तरी 7 नॉट्सला हाही काही करत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, 10 चा 7 झाला की जोर जवळपास निम्माच उरतो. अशा वेळी पाण्यात पडला तर परत उठवणं फार कठीण, दोनदा पोहत आणलाय. आणि वारा 14 च्या वर गेला की हाच काईट माणसाला फरफटवतो, तेव्हा सरळ 12 काढायचा.

सकाळी तर उतरूच नका, तेव्हा मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, काही बिघडलं तर थेट आत नेईल. एकदा मी साडेदहालाच पंप मारायला बसलो तर रापणीवरचे एक आजोबा म्हणाले, "वाईच थांब रे झिला, वारो फिरतलो." बाराच्या पुढे फिरलाच, वायव्येकडून.

अजून एक, खरा फरक निम्मा तरी बोर्डचा आहे. 138 सेंटीमीटरचा बोर्ड बाजूला ठेवून 160 बाय 45 चा आणला तेव्हा कुठे या काईटचे पैसे वसूल झाले. तुमचं वजन 60 च्या आसपास असेल तर नवीन काईट घेऊच नका आत्ता, आधी कुणाचा तरी मोठा बोर्ड मागून 12 वरच बघा.