वाढदिवसाला हॅरी पॉटर की फास्टर फेणे?

आमच्या घरी दोन्ही झाले आहेत. मुलीचा दहावा वाढदिवस हॅरी पॉटरचा, धाकट्याचा नववा फास्टर फेणेचा. त्यामुळे नातेवाइकांत कुणाला पुस्तकावरून वाढदिवस करायचा असला की फोन माझ्याकडे येतो. मुलांची आवड वेगळी, घराची जागा वेगळी, तेव्हा माझंच बरोबर असं म्हणणार नाही. पण विचारलंत तर माझा कल सांगतो.

हॅरी पॉटरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सातही पुस्तकं मराठीत आहेत आणि ज्यांनी वाचली नाहीत त्यांनी सिनेमे पाहिलेले असतात. केकवाल्याला नाव सांगितलं की पुढे काही समजवावं लागत नाही. काळे झगे, गोल चष्मे ऑनलाइन घरपोच येतात. आम्ही चॉपस्टिक्सवर ग्लू गनने वेलबुट्टी काढून, वरून तपकिरी रंग देऊन जादूच्या कांड्या केल्या. त्या मुलांनी महिनोन् महिने जपल्या. हॅरीला अकराव्या वर्षी शाळेचं पत्र येतं, तशी आमंत्रणं चहाच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर लिहिली. दारावर हॅरीच्या शाळेची गाडी सुटते त्या पावणेदहा नंबरच्या प्लॅटफॉर्मची पाटी लावली, तर भुसावळहून आलेली भाचरं तिथून हलेनात. रेल्वेच्या गावातली पोरं ती, त्यांना हा प्लॅटफॉर्म लगेच पटला.

छताला दोऱ्यांनी टांगलेल्या तरंगत्या मेणबत्त्या मात्र आपल्याकडे जरा विचार करूनच लावा. त्या लावल्या की पंखा बंद ठेवावा लागतो, आणि एप्रिलमधल्या जळगावात पंखा बंद म्हणजे काय ते सांगायला नको.

तरी उकाड्याचं एवढं काही नाही, कूलर आहे. माझं मन फिरलं ते टोपीमुळे.

ही थीम केली की मुलांना चार गटांत वाटणारी टोपी आलीच. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. सगळ्यांना ग्रिफिंडोर हवं होतं, आणि ते साहजिकच आहे, हॅरी तिथलाच. मुलीच्या वर्गातल्या एका शांत पोरीच्या हाती स्लिदरिनची, म्हणजे पुस्तकातले बहुतेक दुष्ट जादूगार ज्या गटातले त्याची, चिठ्ठी आली. तिने ती वाचली, घडी घातली आणि काही न बोलता परत टोपीत टाकली. पुन्हा काढली, पुन्हा स्लिदरिन. मग कुणीतरी मागून म्हणालं, 'म्हणजे तू वाईट.' तिचा चेहरा मला अजून दिसतो. हफलपफ मिळालेला एक मुलगा अदलाबदलीसाठी सगळ्यांच्या मागे फिरत होता, दोन सख्खे भाऊ वेगळ्या गटांत गेले म्हणून धाकटा रडायला लागला, आणि आयांची मध्यस्थी सुरू झाली. पुढे गुणांसाठी प्रश्नमंजूषा, म्हणजे ज्यांनी पुस्तकांची पारायणं केलीत तेच उत्तरं देणार. बाकीची मुलं केक कधी कापणार ते विचारत भिंतीला टेकून बसली.

पुस्तकात हॅरी मनातल्या मनात 'स्लिदरिन नको' म्हणतो आणि टोपी त्याचं ऐकते. घरातली चिठ्ठी कुणाचं ऐकत नाही. वाढदिवसाला बोलावलेल्या मुलाला आपल्या घरात 'तू त्यांच्यातला' असं सांगायचं, हे मला फार लागलं.

फास्टर फेणेची अडचण उलटी आहे. आजच्या मुलांना तो माहीत नसतो. काहींनी २०१७ चा सिनेमा पाहिलेला असतो, पण त्यातला फेणे मोठा झालेला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर भन्नाट सुटणारा, 'ट्टॉक' करणारा काडीपैलवान पोरगा त्यांना भेटलेलाच नसतो. बाजारात त्याचं काही मिळत नाही. केकवाल्याला आम्ही शेवटी सायकलचं चित्र काढून दिलं.

पण गंमत अशी की कुणालाच माहीत नसल्यामुळे सगळी मुलं एका पातळीवर येतात. आम्ही सुरुवातीला सगळ्यांना सतरंजीवर बसवून एका गोष्टीतला चित्तथरारक भाग मोठ्याने वाचला आणि ऐन मोक्यावर थांबलो. त्यानंतर टाळूला जीभ लावून 'ट्टॉक' कुणाचं खणखणीत वाजतं याची चढाओढ. एवढ्यात टोळी तयार. गट एकच, आणि सगळे फेणे. मुलींना वेगळी भूमिका हवी असेल तर त्याची मामेबहीण माली आहेच. आमच्याकडे मात्र मुलींनाही फेणेच व्हायचं होतं.

मग शोधमोहीम. अमळनेरकडे मेहुण्याचा मळा आहे, तिथे केली. गच्चीवर किंवा कॉलनीतही जमेल. पहिली खूण लिंबाच्या रसाने लिहिलेल्या कोऱ्या कागदावर. मोठ्या माणसाने इस्त्री फिरवली की अक्षरं तपकिरी उमटतात. दुसरी सांकेतिक लिपीत: प्रत्येक व्यंजनाच्या जागी वर्णमालेतलं पुढचं. चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'घोडा'. सगळी पोरं मळाभर घोडा शोधत सुटली. आजी ओट्यावरून विचारतेय, 'काय व्हयनं रे?' अखेर भिंतीला टेकून बसणाऱ्यांतलाच एक मुलगा, पॉटरच्या वेळी ज्याने तोंड उघडलं नव्हतं तो, जमिनीवर काडीने अक्षरं लिहीत बसला. घ च्या आधी ग, ड च्या आधी ठ. 'गोठा!' असं ओरडून तो जो पळाला, त्याच्यामागे सगळी टोळी. गव्हाणीखाली खाऊचा डबा होता.

जेवणाला वेगळी सजावट लागली नाही. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, भरीत-पुरी झाली, तिखट न झेपणाऱ्यांसाठी दही. जाताना प्रत्येकाला फास्टर फेणेचं एकेक पुस्तक दिलं, वेगवेगळं, म्हणजे पुढे आपापसांत बदलून वाचतील. बदललीही.

कमी बाजूही सांगतो. फोटो साधे येतात, कारण मागे पडदा-बिडदा काही नसतो. खुणा तुम्हालाच बसून रचाव्या लागतात, त्यात दोन-तीन संध्याकाळी जातात. मळ्यात विहीर असेल तर कठडा असला तरी एक मोठा माणूस तिथून हलता कामा नये. आणि हे हिवाळ्यातलं काम आहे. वाढदिवस एप्रिल-मे मध्ये येत असेल तर ऊन उतरल्यावर गच्चीवर करा, नाहीतर घरातच चार खोल्यांत खुणा लपवा.

मुलाने पॉटर वाचलाय आणि त्याला तोच हवाय, तर तोच करावा, त्याच्या हौशीवर आपली लादू नये. फक्त टोपी काढून टाका. आमंत्रणाच्या पत्रातच 'तुला कुठल्या गटात यायचंय ते लिहून पाठव' असं लिहा आणि सगळे ग्रिफिंडोर आले तर येऊ द्या. पण मूल अजून कुठल्याच बाजूला झुकलेलं नसेल, तर या आठवड्यात रात्री झोपताना त्याला फेणेची एक गोष्ट वाचून दाखवा आणि मग विचारा.