रनवे मेकअपचा, म्हणजे फॅशन शोमधल्या मॉडेलसारख्या मेकअपचा क्लास लावताय? आधी विचारा, ब्रश तुमच्या हातात किती वेळ असणार

'एका दिवसात पाच रनवे लुक्स' या जाहिरातीला भुलून पुण्यात पैसे घालवणाऱ्या कितीतरी जणी पार्लरमध्ये दिवसभर उभं राहून, महिन्याला थोडेथोडे बाजूला टाकून फी जमवतात. म्हणून ही फसवणूक कशी चालते ते तपशिलात लिहीत आहोत. शिकवणारीचा हात अनेकदा खरंच चांगला असतो. गोम असते ती वेळापत्रकात.

समजा, बाणेरच्या एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये दहा ते पाच वर्ग आहे, म्हणजे ४२० मिनिटं. दोन डेमो दीड-दीड तासाचे, म्हणजे १८० मिनिटं गेली. ओळख, ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट वाटप यांत एक तास. जेवणाला ४५ मिनिटं, किटची माहिती म्हणजे खरं तर विक्री, तिलाही ४५. उरली ९०. मॉडेल बोलावलेल्या नसतात, मुली जोडीजोडीने एकमेकींच्या चेहऱ्यावर हात चालवतात. म्हणजे प्रत्येकीला ४५ मिनिटं, त्यातली पंधरा स्किन प्रेपमध्येच, म्हणजे मेकअपआधी त्वचा तयार करण्यातच संपतात. अर्ध्या तासात पाच सोडा, एक लुकही हातात बसत नाही.

आता 'लुक' या शब्दाकडे या. जाहिरातीवर २५ जानेवारी २०२४ च्या पॅरिसमधल्या मार्जेला या फॅशन हाउसच्या शोमधला चिनीमातीच्या बाहुलीसारखा चेहरा लावलेला असेल, तर एवढंच विचारा: वर्गात एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारणारं पेन) आणि त्याला हवा पुरवणारा कंप्रेसर आहे का? मेकअप आर्टिस्ट पॅट मॅकग्रा यांनी तो चेहरा पातळ केलेल्या पील-ऑफ मास्कचे थर एअरब्रशने मारून, प्रत्येक थर वाळवत घडवला होता. वर्गात मात्र फाउंडेशनवर फेस ऑइल आणि चमक देणारा इल्युमिनेटर चोळून 'ग्लास स्किन', म्हणजे काचेसारखी त्वचा म्हणून दाखवतात. फोटोपुरतं ते चमकतं. पण तेल फाउंडेशनचा थर सैल करतं आणि थोड्याच वेळात नाकाच्या बाजूला, हनुवटीवर बेस फाटू लागतो.

ग्राफिक लायनर, म्हणजे आयलायनरच्या ठळक भौमितिक रेघा, नीट शिकवणारी आधी पापणी तेलविरहित करून घेते, कन्सीलरचा अगदी पातळ हात देते आणि पावडरने तो बसवते. मग डोळे उघडे, नजर समोर ठेवून रेघ कुठून जाणार ते दाखवणारे तीन ठिपके लावते. डोळे मिटवून आखलेली रेघ झाकलेल्या पापणीवर डोळा उघडताच घडीत जाते. केक लायनरमध्ये, म्हणजे वडीसारख्या कोरड्या लायनरमध्ये पाणी थेंबाथेंबाने घालून तो सायीइतका दाट ठेवायचा. पाणी जास्त झालं तर रंग डागाडागाने बसतो, थर जाड झाला तर वाळल्यावर तडकतो, खाली क्रीम शॅडो असेल तर रेघ घसरते. हे फक्त ऐकून येत नाही, किमान दहा-बारा वेळा पुसून पुन्हा काढावं लागतं. भुवया झाकण्याचंही तेच. ग्लू स्टिकचे दोन-तीन पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळलेला, वर पावडर, मग नारिंगी करेक्टर आणि शेवटी कन्सीलर. आपल्याकडच्या काळ्याभोर भुवयांवर करेक्टर न लावता थेट कन्सीलर थापला की राखाडी पट्टा दिसतो. डेमोत करेक्टर गाळलेला दिसला तर सरळ हात वर करून विचारा.

ग्लिटरबाबत मात्र गप्प बसूच नका. अप्पा बळवंत चौकात शाळेच्या हस्तकलेसाठी मिळणारी चमकी कागदासाठी असते. तिच्या कडा धारदार असतात आणि कण डोळ्यात गेला तर बुबुळावर ओरखडा येऊ शकतो. डबीवर घटकांची यादी आणि बॅच नंबर नसेल तर ती पापणीवर लावू देऊ नका, आणि मैत्रिणीच्याही लावू नका.

सक्तीचं किट हा फसवणुकीचा दुसरा भाग. यात आयोजकाला फीपेक्षाही जास्त पैसा सुटू शकतो. परदेशी मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात नोंदणी क्रमांक, बॅच, वापराची मुदत आणि एमआरपी छापलेली असायला हवी. भारतीय मालावर उत्पादन परवाना क्रमांक. नामांकित कंपनीच्या पॅलेटवर यातलं काहीच नसेल, तर तो माल नकली किंवा चोरट्या वाटेने आलेला समजा. ब्रश तर तुळशीबागेत जाऊन भाव विचारा, आकडा ऐकून फरक कळेल.

'आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट' देणारी संस्था कोणती, हे नाव लिहून मागा आणि त्या संस्थेकडेच क्लासची मान्यता तपासा. उद्यम नोंदणी, आयएसओ आणि शॉप अॅक्ट परवाना यांतलं काहीही अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. फॅशन वीकच्या बॅकस्टेजला उभं राहण्यासाठी वेगळी रक्कम मागितली तर देऊ नका. तिथे असिस्टंट म्हणून काम करायचं असतं, कामासाठी फी भरायची नसते.

पैसे भरताना 'सीट लॉक, नॉन-रिफंडेबल' म्हणून कोणाच्या तरी खासगी यूपीआयवर पाठवायला सांगतात. पावती संस्थेच्या नावानेच घ्या. २५,००० रुपये फीवर १८ टक्के जीएसटी म्हणून ४,५०० लावले, तर बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटी पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव दिसतं. नोंदणी नसेल तर जीएसटी आकारताच येत नाही. हप्त्यांचा फॉर्म भरायला दिला तर तो वित्तसंस्थेचा कर्जकरार असू शकतो. क्लास बंद पडला तरी हप्ते तुमच्याच खात्यातून जातात. सही करण्याआधी त्यात दंड न भरता कर्ज परत करून करार मोडण्याची, म्हणजे कूलिंग-ऑफ मुदत किती दिवसांची आहे ते वाचा.

पैसे घेऊन आयोजक गायबच झाला असेल तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. वर्ग झाला पण सांगितलेलं दिलं नाही, असं असेल तर आधी लेखी परतावा मागा, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधीच काढून ठेवा, कारण वाद सुरू होताच ती पोस्ट उडते. किटच्या लेबलांचे फोटोही सील फोडण्यापूर्वीच काढा.