अस्मिता वाहिनी, 558 किलोहर्ट्झ: मालक बदलले, खरखर मात्र नवी

आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी, म्हणजे जुन्या श्रोत्यांची 'मुंबई ब', ऐकायला पैसे पडत नाहीत. पडते ती थोडी खटपट. श्रुतिका, भाषणं, नाट्यसंगीत, बातम्या असा भरगच्च मराठी मजकूर फुकटात दुसरीकडे मिळणं कठीण, त्यामुळे कार्यक्रमांना पूर्ण गुण. गुण कापले जातात ते ऐकू येण्यात, आणि त्यातला मोठा दोष आपल्याच घरात असतो.

आधी मालकीचं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राचा जन्म 1936 चा समजला जातो, ते चूक. त्या वर्षी 8 जूनला फक्त 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. केंद्र सुरू झालं 23 जुलै 1927 ला, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीच्या मालकीचं, दीड किलोवॉटच्या प्रक्षेपकावर. (त्याही आधी, 1923 पासून, हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबचं प्रक्षेपण मुंबईत होत होतं.) कंपनीचं गणित पहिल्यापासून लंगडं. रेडिओ ऐकण्याचा परवाना वर्षाला 10 रुपये, त्यातले 80 टक्के कंपनीला. परवाने तीन वर्षांत आठ हजारांच्याही आत. म्हणजे परवान्यांतून वर्षाला फार तर 64 हजार रुपये, आणि त्यात मुंबई-कलकत्ता अशी दोन केंद्रं पोसायची. चोरून ऐकणारे किती होते, ते वेगळंच. मार्च 1930 मध्ये कंपनी बुडाली.

1 एप्रिल 1930 पासून सरकारने केंद्र प्रयोगादाखल चालवायला घेतलं. ऑक्टोबर 1931 मध्ये खर्च परवडत नाही म्हणून बंद करायचं ठरवलं, आणि ओरड झाल्यावर नोव्हेंबरात निर्णय फिरवला. मे 1932 मध्ये ते कायम झालं. पैसा आला रेडिओ संचांवरची आयात जकात दुप्पट करून, म्हणजे पुन्हा श्रोत्याच्याच खिशातून. पुढे आकाशवाणी प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाकडे गेली; त्याचा कायदा 1990 चा, पण अंमल 1997 पासून. मालक असे बदलत गेले तरी बातम्यांवरचा सरकारी सूर काही सुटला नाही. तटस्थ बातम्यांची अपेक्षा ठेवून लावलंत तर निराश व्हाल.

आता प्रत्यक्ष ऐकण्याविषयी. प्रक्षेपक 100 किलोवॉटचा, मालाडजवळ मालवणीला, खाडी-समुद्राच्या कडेला. जागा विचारपूर्वक निवडलेली आहे: ही वाहिनी ज्यांवर येते त्या मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) खाऱ्या पाण्यावरून फार कमी झिजतात, काळ्या कातळावरून पटकन. म्हणून कोकण किनाऱ्याला ही वाहिनी दिवसाही लांबवर पोचते आणि तेवढ्याच अंतरावर घाटावर मात्र दुबळी होते. रात्री दूरच्या केंद्रांच्या लहरी आकाशातून परतून येतात आणि आवाज लाटेसारखा चढउतार करतो. तो दोष संचाचा नाही.

संच लावताना लांब अँटेना बाहेर ओढण्यात अर्थ नाही. ती एफएम आणि लघुलहरींसाठी. मध्यम लहरींची अँटेना आत असते, तारेचं वेटोळं घातलेली काळी फेराइटची कांडी, बहुतेक संचात वरच्या कडेला आडवी. तिचं टोक ज्या दिशेला, तिकडचं सगळ्यात कमी येतं. म्हणून संच खिडकीशी ठेवून हळूहळू फिरवायचा. स्टेशन सगळ्यात मोठं कुठे येतं ते शोधत बसू नका. खरखर सगळ्यात कमी कुठे होते ते पाहा, फरक तिथेच पडतो.

खरखरीचे खरे धनी म्हणजे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्सचे अ‍ॅडाप्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तपासायचं असेल तर संच सेलवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर गुन्हेगार घरातच आहे. एकेक एमसीबी चालू करत गेलात की सापडतो. नाही गेली तर शेजारी किंवा लिफ्ट, त्याला इलाज नाही. सळयांच्या जाळ्यात बांधलेल्या इमारतीत आतल्या खोलीत काही येत नाही, तिथे हट्ट करू नये.

डिजिटल आकड्यांचा संच घेताना दुकानातच पाहून घ्या: आपल्याकडची केंद्रं 9 किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत, अमेरिकेत 10 च्या. अमेरिकी मांडणीतल्या संचावर 558 लागतच नाही. 560 वर ठेवलं तर 'स' आणि 'श' फाटतात. आकाशवाणी मुंबईच्याच संवादिता वाहिनीचं 1044 तर दोन घरांच्या मधेच पडतं. बऱ्याच संचांत 9/10 चा बदल मेन्यूत किंवा बटण दाबून धरल्यावर होतो, दुकानदाराला सहसा ठाऊक नसतो. काटेवाल्या संचात ही कटकट नाही.

न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर हीच वाहिनी स्वच्छ येते. 64 किलोबिटचा प्रवाह धरला तर तासाला 29 एमबीच्या आसपास. पण आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, तेव्हा त्यावरून घड्याळ लावू नये. मध्यम लहरींवर वरचे स्वर कापले जातात, तबल्याची चाट बोथट होते; गाणं ऐकायचं तर अ‍ॅप बरं. श्रुतिका आणि भाषणांना मात्र सेलवरचा काटेवाला संच पुरतो, आणि वीज गेली की उलट अधिकच स्वच्छ येतो. प्रसार भारतीने देशभरातले बरेच मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद करून एफएमची वाट धरली आहे, म्हणून केवळ या वाहिनीसाठी महागडा संच घेऊ नये.