एका लोडरमागे आठ लहान टिपर की पाच मोठे?

ताशी भाडं कमी दिसतं म्हणून माती वाहायला बरेच जण लहान टिपर (हौदा उचलून माती ओतणारे ट्रक) लावतात. पण पैसे घनमीटरवर मिळणार असतील, तर हिशेबही घनमीटरचाच मांडायला हवा.

समजा, लोडरची (माती उचलून टिपरमध्ये भरणाऱ्या यंत्राची) बकेट ३ घनमीटरची आहे आणि एका बकेटला ३० सेकंद लागतात. लहान टिपरमध्ये ९ घनमीटर सुटी माती मावते, मोठ्यात १८. टिपर लोडरपाशी लावायला अर्धा मिनिट. नेणं, ओतणं, परतणं मिळून १४ मिनिटं. (भरलेला मोठा टिपर चढावर रेंगाळतो, पण तूर्त दोघांना सारखाच वेळ धरू.)

लहान टिपर २ मिनिटांत निघतो आणि त्याची फेरी १६ मिनिटांची, म्हणून लोडर रिकामा थांबू नये यासाठी (१६ ÷ २) ८ टिपर लागतात. मोठ्याला लोडरपाशी साडेतीन मिनिटं आणि फेरीला साडेसतरा, म्हणून ५ पुरतात. लहान टिपरचं ताशी भाडं १ मानून लोडरचं त्याच्या ३ पट आणि मोठ्याचं १.६ पट धरलं, तर दोन्हीकडे ताशी खर्च ११ च येतो! माती मात्र लहानांनी २७० घनमीटर हलते, मोठ्यांनी सुमारे ३०९. टिपर लावण्यात लोडरचा अर्धा मिनिट जातो; तो लहानांत तासाला ३० वेळा, मोठ्यांत १७ वेळा. सगळा फरक तिथेच पडतो. मोठ्याचं भाडं लहानाच्या १.९ पटीवर गेलं, की हा फायदा संपतो.

आणि बंद पडले तर? एक मोठा बंद पडला तरी उरलेले चार सुमारे २४७ घनमीटर काढतात. एक लहान बंद पडला तर उरलेले सात २३६. दोन-दोन बंद पडले, की मात्र लहान पुढे जातात. मोठ्यांची देखभाल ढिसाळ असेल तर माझं मत लहानांकडे झुकतं. रस्ता अरुंद किंवा चिखलाचा असेल, तर आकडेमोडही नको, लहानच घ्या.

दगड किंवा ओली माती असेल, तर हौदा भरण्याआधीच वजनाची मर्यादा गाठली जाते. तिथे घनमीटर सोडून टनांत मोजा.

काम पुढे सरकलं की अंतर वाढतं. १४ ची २१ मिनिटं झाली, तर मोठे बरोबर ७ लागतात. लहान साडेअकरा! अर्धा टिपर कुठून आणणार? ११ वर लोडर अधूनमधून थांबेल, तरी घनमीटरमागे ते १२ पेक्षा किंचित स्वस्तच पडतात.